ओसी म्हणजे नक्की काय, आणि कानावरची एक खाच एवढी महत्त्वाची का असते

एखाद्या फॅन ग्रुपमध्ये नाहीतर डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपच्या एखाद्या सर्व्हरवर नवीन माणूस आला की ओळख करून देताना तो बऱ्याचदा नाव, गाव, काय करतो असलं काही सांगतच नाही, सरळ एक चित्र टाकतो. राखाडी लांडगा, एका डोळ्यावर जुना व्रण, गळ्यात कुणाचातरी मोठा होणारा स्कार्फ. खाली लिहितो, हा माझा ओसी. आणि बाकीचे पण त्याला तू काय करतोस असं न विचारता विचारतात, तो स्कार्फ कुणाचाय? बाहेरून बघणाऱ्याला हा पोरखेळ वाटतो. मला मात्र मनापासून वाटतं की त्या स्कार्फच्या उत्तरातून त्या माणसाबद्दल जेवढं कळतं तेवढं त्याच्या नाव-गाव-नोकरीतून कधीच कळलं नसतं, आणि असं का होतं तेच आज जरा नीट सांगायचंय.

ओसी म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर, आपण स्वतः तयार केलेलं पात्र. स्वतःची कथा, स्वतःचं जग आणि त्यातलं पात्र, त्यालाही ओसीच म्हणतात, पण मी बोलतेय ते फॅन ओसीबद्दल. म्हणजे जग दुसऱ्या कुणाचंतरी, आधीपासून असलेलं, एखादी कार्टून सिरीज, गेम, पुस्तकांची मालिका, आणि त्या जगात कुठेच नसलेलं एक पात्र तुम्ही बनवता आणि तिथे नेऊन सोडता. सोनिक या व्हिडिओ गेमच्या जगात तुमचा स्वतःचा हेजहॉग, माय लिटल पोनी या कार्टूनमधल्या पोनींच्या जगात तुमची स्वतःची पोनी. मूळ गोष्टीतल्या अधिकृत पात्रांना कॅनन म्हणतात. ओसी कॅनन नसतो, मूळ लेखकाला तो माहीतही नसतो, तरी लोक त्याला दहा-दहा वर्षं सांभाळतात, त्याचा वाढदिवस साजरा करतात, तो मोठा होतो तसे त्याचे कपडे आणि केस बदलत जातात.

मग हा म्हणजे अवतारच ना, असं कुणीही विचारेल. शब्द आपलाच आहे, वरून खाली उतरणं म्हणजे अवतार, आणि १९८० च्या दशकाच्या मध्याला तो कॉम्प्युटरच्या जगात शिरला, १९८५ च्या अल्टिमा फोर गेममध्ये आणि साधारण त्याच सुमाराला लुकासफिल्मने बनवलेल्या हॅबिटॅट नावाच्या ऑनलाइन जगात. पण अवतार म्हणजे स्क्रीनवर तुमच्या जागी उभं असलेलं चित्र. तुम्ही लॉग आउट केलंत की अवतार थांबला. ओसीचं तसं नसतं, तुम्ही झोपलात तरी त्याची भांडणं चालू, त्याचं बालपण आहे, त्याला कुणाचातरी राग आहे, एखाद्या गोष्टीची भीती आहे जी तुम्हाला नाहीये. आणि दुसरे लोक त्याच्याबद्दल तुमच्या पाठीमागे पण बोलू शकतात, हा यातला फार मोठा फरक आहे.

आता पहिला प्रश्न, दुसऱ्याच्याच जगात कशाला? एवढी कल्पनाशक्ती आहे तर स्वतःचंच जग करा की. हे मी खूप जणांकडून ऐकलंय आणि दरवेळी मला वाटतं की यांनी या जगांची रचना नीट बघितलेलीच नाही. ज्या गोष्टींभोवती सगळ्यात जास्त ओसी तयार होतात त्या सगळ्यांत एक सारखेपणा सापडतो, त्यांच्यात रिकाम्या जागा आखून ठेवलेल्या असतात. जादूच्या शाळेत चार हाउस आहेत, मग तुझं कुठलं? मांजरांच्या वेगवेगळ्या टोळ्या आहेत, मग तू कुठल्या टोळीतली? जगाचा नियम ठरलेला असतो आणि त्या नियमात बसणारं अजून एक माणूस आरामात मावतं.

होमस्टक नावाचं वेबकॉमिक होतं, १३ एप्रिल २००९ ला सुरू झालं आणि बरोबर सात वर्षांनी त्याच तारखेला संपलं. त्यात ट्रोल नावाचे परग्रहवासी आहेत, मुख्य बारा. प्रत्येकाचं नाव इंग्रजीत सहा अक्षरी, आडनाव पण सहा अक्षरी. प्रत्येकाला एक रास, तिचं चिन्ह शर्टावर. रक्ताचा रंग वेगवेगळा आणि त्या रंगावरून समाजातली पायरी ठरते. चॅटवरचं टोपणनाव दोन शब्दांचं आणि त्या शब्दांची पहिली अक्षरं डीएनएच्या चार अक्षरांपैकीच असायला हवीत. आणि सगळ्यात भारी म्हणजे प्रत्येकाची टाइप करायची वेगळी ढब, कुणी सगळं मोठ्या अक्षरांत लिहितो, कुणी एखाद्या अक्षराच्या जागी आकडा टाकतो. बघा, हा जवळजवळ एक फॉर्म झाला. आणि लोकांनी तो भरला, इतक्या लोकांनी भरला की फॅनट्रोल हा ओसीचा एक वेगळा प्रकारच होऊन बसला, आणि पुढे होमस्टकवाल्यांनी स्वतःच २८८ चिन्हांची लांबलचक राशीमाला काढली, क्विझ द्या आणि तुमचं चिन्ह घ्या.

कोऱ्या कागदासमोर बसून "मी कोण" याचं उत्तर लिही म्हटलं तर चांगला लिहिता माणूस पण गप्प होतो. पण तुझ्या रक्ताचा रंग कुठला, तू टाइप कसं करतोस, तुला वर चढायचंय का आहेस तिथे बरा आहेस, असं विचारलं की उत्तर भराभर येतं, आणि येताना स्वतःबद्दलच्या अशा गोष्टी घेऊन येतं ज्या सरळ विचारल्या असत्या तर कधी सांगितल्या नसत्या. चौकट दुसऱ्याची असल्यामुळेच आतलं आपलं बाहेर काढायचा धीर येतो, असं मला वाटतं. स्टीव्हन युनिव्हर्स ही सिरीज २०१३ ला आली, त्यातली जेम्स नावाची पात्रं म्हणजे रत्नं, रत्न शरीरावर कुठे आहे त्याला अर्थ, आणि दोन जेम्स एकत्र येऊन तिसरीच एक व्यक्ती तयार होते. मग काय, मैत्रिणी मैत्रिणी आपापल्या जेम्स एकत्र करून तिसरी काढायला लागल्या, त्या तिसरीचा स्वभाव काय असेल, ती कशावरून चिडेल, यावर रात्र रात्र बोलणं. दोघींच्या मैत्रीला चेहरा द्यायचा असेल तर याहून सरळ रस्ता मला तरी माहीत नाही.

इथे एक फरक समजून घेतला पाहिजे नाहीतर पुढचं सगळं गडबडेल. सोना आणि ओसी. सोना हा पर्सोनाचा शेपटाकडचा तुकडा, फरी लोकांमध्ये, म्हणजे माणसांसारखे वागणारे-बोलणारे प्राणी आवडणाऱ्यांमध्ये, फरसोना म्हणतात, पोनीवाले पोनीसोना म्हणतात, जेम असेल तर जेमसोना. सोना म्हणजे मीच, फक्त प्राणी किंवा पोनी होऊन. त्याला कुणी चांगलं म्हटलं तर थँक यू मीच म्हणणार. ओसी म्हणजे तो वेगळा, मी वेगळी. पण ही झाली पुस्तकी व्याख्या. प्रत्यक्षात बहुतेक पात्रं या दोघांच्या मधे कुठेतरी असतात आणि तिथेच न थांबता सरकत राहतात. सुरुवात होते माझ्यासारखीच पण केस लांब आणि कुणाला न घाबरणारी अशी, आणि चार वर्षांनी बघावं तर ती पार दुसरीच कुणी झालेली असते, तिला आवडणारी माणसं आपल्याला आवडत नाहीत. उलटंही होतं, निव्वळ गंमत म्हणून काढलेलं एखादं कोपऱ्यातलं पात्र हळूहळू प्रोफाइल पिक्चर होतं आणि एक दिवस लोक तुम्हाला त्याच्याच नावाने हाक मारायला लागतात.

एकाच माणसाने अनेक नावं घेऊन प्रत्येक नावाला वेगळा आवाज देणं हे मराठीत कुणाला नवीन वाटायचं कारण नाही. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज नावाने, आणि विनोदी लेख बाळकराम नावाने. तिन्ही तेच, पण बाळकरामाच्या तोंडी गोविंदाग्रजाची ओळ शोभली नसती. कुणी त्यांना "खरं नाव लपवता का" असं नाही ना विचारत. मला तर ओसीवाल्या पोरापोरींमध्ये तीच गरज दिसते, एकेका आवाजाला बोलायला एकेक वेगळं तोंड लागतं, एवढंच की यांच्या तोंडाला कधी कधी मिशा आणि शेपूट पण असते.

आता माझं सांगते, कारण दुसऱ्याचं सांगण्यापेक्षा ते मला आतून माहितीये.

वॉरियर्स नावाची मांजरांच्या टोळ्यांची पुस्तकं आहेत, पहिलं २००३ चं, लेखिका एरिन हंटर. एरिन हंटर नावाची कुणी एक बाई नाहीच, ते अनेक जणींचं मिळून एक टोपणनाव आहे, म्हणजे सुरुवातच अशी. त्या जगात नाव बदलत जातं. पिल्लू असताना नावापुढे किट लागतं, शिकाऊ झालं की पॉ, आणि शिक्षण पुरं झालं की टोळीचा प्रमुख सगळ्यांसमोर तुम्हाला नाव देतो, ज्यातला दुसरा भाग तुमच्याकडे बघून ठरवलेला असतो. माझी होती ड्रिझलकिट. करडी, बारीक, डाव्या कानाला एक खाच. एका रोलप्ले ग्रुपमध्ये मी तिला दोन वर्षं चालवलं. रोलप्ले म्हणजे सगळे मिळून गोष्ट लिहायची, प्रत्येकाने फक्त आपापल्या पात्राचं, आज मी चार ओळी, मग तू चार ओळी. स्वतः म्हणून काही बोलायचं असेल तर ते डबल कंसात टाकायचं म्हणजे मांजर बोलतेय का माणूस ते कळतं.

मी बोलताना अडखळते. लहानपणापासून. प आणि म ने सुरू होणारे शब्द माझ्या ओठांवर येऊन अडकतात आणि समोरचा माणूस मदत म्हणून माझं वाक्य पूर्ण करून टाकतो, जे मला सगळ्यात जास्त लागतं. टाइप करताना हे काहीच नसतं, म्हणून ड्रिझलपॉ सुरुवातीला भडाभडा बोलायची, टोमणे मारायची, सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची. मजा येत होती. मग सहा-आठ महिन्यांनी का कोण जाणे मला ती खोटी वाटायला लागली, आणि एके दिवशी मी लिहिलं की तिने तोंड उघडलं आणि मग बराच वेळ ती काहीच बोलली नाही. एवढंच. कारण दिलं नाही, ग्रुपमध्ये कुणाला माझ्याबद्दल माहीत पण नव्हतं. पुढच्या मुलीने तिच्या बोक्याचं उत्तर लिहिलं, तो बसून राहिला आणि पंजा चाटत तिच्या बोलण्याची वाट बघू लागला.

तो वाट बघत बसला, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल सांगता येत नाही. त्यानंतर ती तशीच झाली, थांबून बोलणारी, आणि बाकीच्या मांजरी थांबायच्या. वर्षभराने तिचं नाव ठरवायची वेळ आली. टोळीचा प्रमुख कुणी दुसराच चालवत होता, कुठला, किती वयाचा मला माहीत नाही, आजपण नाही. त्याने ड्रिझलस्टेप नाव दिलं आणि लिहिलं की ही जेव्हा पाऊल टाकते तेव्हा तिला नक्की माहीत असतं कुठे टाकायचंय. मला कधी न बघितलेल्या माणसाने वर्षभर माझं लिहिणं बघून हे ठरवलं होतं.

म्हणून ऑनलाइन ओळख म्हणजे मुखवटा असं कुणी म्हटलं की मी वाद घालते. माझ्या बाबतीत आधी मी मुखवटाच लावला होता हे खरंय, भडाभडा बोलणारा, आणि तो गळून पडला तो त्याच पात्राच्या आत. आणि नाव जे मिळालं ते मी घेतलेलं नाही, मला दिलेलं आहे.

यावर अभ्यास करणाऱ्यांनी पण विचार केलेला आहे, ओसीवरच असं नाही पण लागू पडतो असा. जेम्स पॉल गी हे भाषा आणि शिक्षणाचे अभ्यासक, त्यांनी २००३ मध्ये गेम खेळणाऱ्याच्या तीन ओळखी सांगितल्या. एक खुर्चीत बसलेला खरा माणूस, एक स्क्रीनवरचं पात्र, आणि तिसरी या दोघांच्या मधली, म्हणजे या पात्राने कसं व्हावं असं मला वाटतं ती. त्यांनी स्वतःचंच उदाहरण दिलंय. ते एका गेममध्ये बीड बीड नावाची अर्धी एल्फ बाई चालवत होते, मरणाऱ्या एका म्हाताऱ्याने तिला दिलेली अंगठी त्यांनी पैशांसाठी तिला विकायला लावली आणि नंतर त्यांना वाईट वाटलं. नियमात ते चालत होतं, स्वतःचं नुकसान काही नव्हतं. वाईट वाटलं कारण ती तशी बाई नसावी असं त्यांना वाटत होतं. ही तिसरी ओळख ज्याला कळली त्याला ओसी कळला, कारण ओसी म्हणजे जवळजवळ पूर्णपणे हीच तिसरी ओळख.

हेझल मार्कस आणि पॉला न्यूरियस या दोघींनी १९८६ मध्ये अजून एक कल्पना मांडली, पॉसिबल सेल्व्हज, म्हणजे मी होऊ शकेन असे वेगवेगळे मी. त्यात व्हायचाय तो मी असतो आणि होईन की काय अशी धास्ती वाटणारा मी पण असतो. हा दुसरा लोक विसरतात. ओसी म्हणजे फक्त स्वप्नं पुरी करून घ्यायची जागा असं समजणाऱ्यांनी एकदा जुन्या ओसींच्या फाइली चाळून बघाव्यात, त्यात घर सोडून गेलेले, मित्राला दगा दिलेले, रागाच्या भरात सगळं घालवून बसलेले किती असतात. आपण असे झालो तर, हे तिथे वापरून बघता येतं आणि कुणाचं नुकसान होत नाही.

आणि पात्राचा परिणाम उलट माणसावर होतो का? काही प्रमाणात होतो. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये प्रयोग छापले, व्हर्च्युअल जगात ज्यांना उंच अवतार दिला ते पैसे वाटून घेण्याच्या घासाघिशीत जास्त ठाम राहिले, ज्यांना बुटका दिला ते अन्यायाची वाटणी पण जास्त वेळा मान्य करून बसले. याला प्रोटियस इफेक्ट म्हणतात. थोड्या वेळासाठी मिळालेल्या परक्या अवताराने एवढं होतं, तर वर्षानुवर्षं स्वतः घडवलेल्या पात्राचं काय, असा प्रश्न मला पडतो.

आता मेरी सू. हा शब्द ऐकून कितीतरी मुलींनी आपल्या वह्या लपवल्यात म्हणून त्यावर थोडं थांबते. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी स्टार ट्रेकच्या एका फॅन मासिकात छोटीशी विडंबनकथा लिहिली, त्यात लेफ्टनंट मेरी सू, वय साडेपंधरा, ताफ्यातली सगळ्यात लहान ऑफिसर, दिसायला सुंदर, सगळ्यांना ती आवडते, सगळं तिलाच येतं, आणि शेवटी ती मरते आणि सगळे रडतात. त्या काळात तशा कथा खूप यायच्या, त्यावर हा टोला होता, आणि टोला म्हणून तो नेमका होता. पण पुढे त्या नावाचं लेबल झालं आणि ते जवळजवळ प्रत्येक मुलीच्या ओसीला चिकटवलं गेलं. डोळे जांभळे, मेरी सू. तलवार चालवता येते, मेरी सू. हिरोशी बोलली, मेरी सू. डेव्हियंटआर्ट ही आपली चित्रं टाकायची साइट, २००० साली सुरू झाली आणि तिथे तर बारा-तेरा वर्षांच्या मुलांची पात्रं शोधून शोधून त्यांची खिल्ली उडवणं हा काही जणांचा उद्योगच होता, "ओरिजिनल कॅरेक्टर, चोरू नका" असं त्या लहान मुलांनी घाबरून लिहिलेलं वाक्य सगळीकडे मीम म्हणून फिरत राहिलं.

मला याचा राग येतो. तेरा वर्षांच्या मुलीने सगळं येणारी, सगळ्यांना आवडणारी मुलगी काढली तर ती कथेचा दोष सांगत नाहीये, तिला काय हवंय ते सांगतेय, आणि बहुतेक वेळा ते तिला घरी-शाळेत मिळत नसतं. लेखन म्हणून ते कच्चं असेल, असू दे. सोनिकचीच गंमत बघा, ज्या रंग बदललेल्या हेजहॉगांवर लोक वर्षानुवर्षं हसले, २०१७ च्या सोनिक फोर्सेस गेममध्ये कंपनीनेच खेळणाऱ्याला स्वतःचं पात्र बनवायची सोय दिली, लांडगा, ससा, मांजर वगैरे सात प्राण्यांमधून निवडा आणि सोनिकच्या बरोबरीने लढा.

बरं, हे सगळं एकट्याने वहीत होत असतं तर त्याला ऑनलाइन ओळख म्हणता आलं नसतं. ओसीला ओळख बनवतात ते बाकीचे लोक, आणि त्याची साधनं ठरलेली आहेत. पहिलं रेफ शीट. एका पानावर पात्र पुढून, मागून, कधी बाजूने, रंगांचे ठिपके, उंची, डोळ्याचा क्लोजअप, आणि बाणाने टिपा, शेपटीचं टोक पांढरं, जाकिटाचं एक बटण तुटलेलं. हे कशासाठी, तर दुसऱ्याला ते पात्र काढता यावं म्हणून. ओसीवाल्यांमध्ये दुसऱ्याचं पात्र काढून भेट देणं याला फार मान आहे. दर जुलैमध्ये आर्ट फाइट नावाचा एक मोठा खेळ असतो, दोन टीम, आणि समोरच्या टीममधल्या कुणाचंतरी पात्र काढलं की तो झाला अटॅक, त्याने उलट तुमचं काढलं की रिव्हेंज. लढाईची भाषा, आणि प्रत्यक्षात महिनाभर अनोळखी माणसं एकमेकांच्या पात्रांकडे बारीक नजरेने बघत बसलेली असतात. टॉयहाऊससारख्या साइटवर प्रत्येक पात्राचं स्वतःचं पान असतं, डिझाइन कुणाचं, चित्र कुणाचं, आधी कुणाकडे होतं, आता कुणाकडे आहे, सगळी नोंद. आधी कुणाकडे होतं म्हणजे, हो, पात्रं हस्तांतरित होतात, तयार डिझाइन विकत किंवा भेट म्हणून घेता येतं, त्याला अ‍ॅडॉप्टेबल म्हणतात, आणि ते दत्तकासारखंच असतं, नाव-स्वभाव नवा पालक देतो.

मालकीची भांडणं पण इथेच होतात. क्लोज्ड स्पिशीज म्हणून प्रकार आहे, कुणीतरी एक काल्पनिक प्राणीजात तयार करतं आणि म्हणतं की माझ्या परवानगीशिवाय या जातीचं पात्र बनवायचं नाही. कायद्याच्या नजरेत बघायचं तर कॉपीराइट हा कल्पनेला नसतो, ती कल्पना ज्या रूपात उतरली त्या रूपाला असतो, म्हणजे तुमचं चित्र तसंच्या तसं उचललं तर गोष्ट वेगळी, पण चार शिंगांचा कुत्रा ही कल्पना कुणाचीच खाजगी नाही. तरी लोक हे नियम पाळतात, कारण तिथे राहायचं तर तिथल्या लोकांचा विश्वास लागतो. फॅन ओसीचं तर त्याहून अवघड, पात्र तुमचं, जग दुसऱ्याचं, दोन्ही मिळून विकायला गेलात तर अडचण. म्हणून काही जण काही वर्षांनी त्या जगाच्या खुणा एकेक करून पुसतात, टोळीचं नाव बदलतात, जादूचे नियम बदलतात आणि आपलं पात्र घेऊन बाहेर पडतात. मी हे करताना बघितलेल्या जवळजवळ सगळ्यांना ते घर बदलण्याइतकं जड गेलंय.

चोरी झाली की एवढं का लागतं हे पण आता कळेल. कुणी तुमच्या ओसीचे रंग बदलून स्वतःचा म्हणून टाकला, तर त्याने चित्र चोरलं असं वाटत नाही, कुणीतरी तुमचं नाव लावून फिरतंय असं वाटतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये डेव्हियंटआर्टने एआयने चित्रं काढायचं स्वतःचं साधन आणलं, आणि लोकांची चित्रं एआय शिकवायला वापरायला हरकत नाही असं सुरुवातीला आपोआप धरलं होतं, ज्याला नको त्याने सांगायचं. लोक इतके चिडले की लगेच उलटं करावं लागलं, म्हणजे नकार हाच आपोआप धरायचा. बाहेरच्यांनी तो कलाकारांच्या पोटापाण्याचा प्रश्न म्हणून बघितला आणि तो होताच. पण तिथे वीस वर्षं आपला एकच लांडगा काढत बसलेले लोक पण होते ज्यांनी त्यातून काही कमावलं नव्हतं, आणि त्यांचा संताप पैशाचा नव्हता.

धोके नाहीत असं मी म्हणणार नाही. पात्राला लागलेलं आपल्याला लागतं, रोलप्लेवाले याला ब्लीड म्हणतात, रंग एका कापडावरून दुसऱ्यावर उतरावा तसं. पात्रापात्रांचं भांडण लिहिता लिहिता माणसांची मैत्री तुटलेली मी बघितलीये. म्हणूनच तो डबल कंस महत्त्वाचा, अधूनमधून कंसात येऊन विचारायचं, हे ठीक चाललंय ना, थांबूया का. लहान मुलांच्या ग्रुपमध्ये पात्राच्या आडून मोठी माणसं जवळीक साधतात हे पण होतं, आणि कुणी "हे तर पात्र बोलतंय" म्हणून तुम्हाला नको ते लिहायला लावत असेल तर ते पात्र नाही, तो माणूस आहे, सरळ बाहेर पडा आणि विश्वासातल्या मोठ्याला सांगा. आणि कुणाच्या ओसीवर मत द्यायचं असेल तर आधी विचारावं की मत हवंय का. डिझाइनबद्दल बोलतोय असं आपल्याला वाटत असतं, समोरच्याला ते तसं पोचत नाही.

मला ते कळलं त्या खाचेमुळे. रोलप्लेमधल्याच एका मुलीने ड्रिझलस्टेपचं चित्र काढून पाठवलं, सुंदर, पावसातलं, मागे वळून बघणारी, आणि खाच उजव्या कानाला. माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. तिची चूक काहीच नव्हती, पात्र समोर तोंड करून असेल तर बघणाऱ्याचं डावं आणि पात्राचं डावं उलटं होतं आणि मी फक्त "डाव्या कानाला" एवढंच लिहिलं होतं. मी दोन दिवस तिला उत्तर दिलं नाही. मग डबल कंसात सगळं खरं लिहिलं, चित्र किती आवडलं ते, कानाचं, आणि का एवढं लागलं तेही, अडखळण्याचं पण, पहिल्यांदाच. तिने लगेच काही लिहिलं नाही. टाइप करतेय असं तीन ठिपके दिसत होते, थांबत होते, परत दिसत होते. मी वाट बघत बसले.

मग तिने दुरुस्त केलेलं चित्र पाठवलं. आता माझ्या रेफ शीटवर बाणाच्या पुढे लिहिलेलं आहे, खाच, तिच्या डाव्या कानाला, बघणाऱ्याच्या नाही.